केमोने गाठ खरंच कमी होतेय का? ऑपरेशनआधी ते मोजतात कसं आणि घरच्यांनी काय सांभाळायचं

परळच्या बाजूला एका ब्रेस्ट ओपीडीत, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटना तपासतात तिथे, काम करते मी, आणि दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न म्हणजे "मॅडम, गाठ कमी झाली ना?" विचारणारी कधी मुलगी असते, कधी नवरा, कधी साताऱ्याहून वहिनीला घेऊन आलेला दीर. आणि उत्तर द्यायच्या आधी मलाच उलटं विचारावं लागतं की सुरुवातीला केवढी होती ते कुठे लिहिलंय. मग फाईल उघडते, त्यात रक्ताचे रिपोर्ट, केमोची बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स, जन आरोग्य योजनेचे कागद सगळं सापडतं, फक्त पहिलं माप सापडत नाही, नाहीतर तीन कागदांवर तीन वेगळी मापं असतात. म्हणून हे लिहायला घेतलं. केमोला गाठ दाद देतेय का हे डॉक्टर कसं ठरवतात, त्यात घरच्यांनी काय जपून ठेवायचं, काय विचारायचं आणि कुठल्या शब्दाला उगाच घाबरायचं नाही. औषध बदला, डोस थांबवा असलं काही मात्र हे वाचून ठरवू नका, ते तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचं काम.

आधी केमो कशाला, सरळ काढून का नाही टाकत

हे पटकन उरकते. गाठ मोठी असेल, कातडीला किंवा छातीला चिकटली असेल, काखेत गाठी असतील, किंवा गाठ ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर हे हार्मोनचे रिसेप्टर आणि हर-टू प्रथिन तिन्ही नसलेली) नाहीतर हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू प्रथिन जास्त असलेली) जातीची असून साधारण २ सेमीच्या वर असेल तर हल्ली बहुतेक ठिकाणी केमो आधी देतात. फाईलवर एनएसीटी असं लिहिलेलं दिसेल, ते हेच. स्तन वाचवायची शक्यता वाढते, काखेचं ऑपरेशन छोटं होऊ शकतं, आणि मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा म्हणजे औषध लागू पडतंय की नाही हे गाठ अंगात असतानाच डोळ्याला दिसतं. आधी ऑपरेशन करून मग केमो दिली तर मोजायला काही शिल्लकच नसतं.

पहिलं माप, इथे ढिलाई झाली की पुढचं सगळं अंदाजपंचे

केमोचा परिणाम म्हणजे आधीचं आणि नंतरचं यातला फरक, बास. नंतरचं माप कितीही भारी मशीनवर घेतलं तरी आधीचं धड नसेल तर फरक काढणार कशातून? म्हणून पहिल्या डोसच्या आधीचे ते आठ-दहा दिवस, जेव्हा घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं आणि "लवकर चालू करा हो" अशी घाई असते, तेच नेमके कामाचे दिवस.

हाताने माप घेताना पेशंटला उताणं झोपवतात, त्या बाजूचा हात डोक्यामागे, आणि कॅलिपरने किंवा साध्या टेपने सगळ्यात लांब बाजू आणि तिला काटकोनातली दुसरी बाजू मोजतात. केस पेपरवर असं काहीतरी यायला पाहिजे: उजवा स्तन, १० वाजताच्या जागी, निपलपासून ४ सेमी, ५.२ बाय ४ सेमी, कातडी मोकळी, काखेत हलणारी एक गाठ २ सेमी. नुसतं "मोठी गाठ, उजवी बाजू" एवढंच असेल तर गोड बोलून आकडा लिहून मागा, सहसा कोणी रागवत नाही, आणि रागवलं तर रागवू दे. कातडी लाल झाली असेल, जाड होऊन त्यावर बारीक खड्डे पडले असतील तर फोटो काढून ठेवतात, पेशंटला विचारून आणि चेहरा न घेता, कारण लाली काही सेंटीमीटरमध्ये मोजता येत नाही.

मग दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी, आणि स्तनाची आणि काखेची सोनो. स्तन वाचवायचा विचार असेल किंवा स्तन दाट असल्याने मॅमोत गाठीच्या कडाच दिसत नसतील तर एमआरआय. "एमआरआय आत्ता नको, केमो संपल्यावर एकदाच करू" असा पैसे वाचवायचा सल्ला वेटिंगमध्ये बसलेले नातेवाईक एकमेकांना देत असतात, त्यात काही राम नाही. शेवटी केलेल्या एमआरआयच्या शेजारी ठेवायला आधीचा एमआरआय लागतो, नाहीतर आधीची सोनो आणि नंतरचा एमआरआय अशी तुलना करावी लागते, म्हणजे एका दुकानात मीटरने आणि दुसऱ्यात वाराने मोजलेलं कापड. बजेटमध्ये एकच पद्धत बसत असेल तर सोनो आधी, सोनो मध्ये, सोनो शेवटी, अगदी चालेल. पद्धतींची मिसळ नको, आणि जमलं तर सेंटर आणि सोनो करणारा डॉक्टरही तोच ठेवा, कारण सोनोत प्रोब कोणी आणि कसा धरला यावर माप हलतं. गाठ मोठी असेल तर अजून एक भानगड, सोनोच्या प्रोबची रुंदी असते ४-५ सेमी, त्याहून मोठी गाठ एका फ्रेममध्ये मावतच नाही आणि मग रिपोर्टमध्ये ती आहे त्यापेक्षा लहान येते.

शक्य असेल तर मॅमो, सोनो, एमआरआय हे सगळं बायॉप्सीच्या (गाठीचा तुकडा तपासायला काढतात त्याच्या) आधी करून घ्या. बायॉप्सीच्या सुईने आत कधीकधी रक्त साकळतं आणि गाठ उगाच मोठी दिसते, मग तीन आठवड्यांनी ते रक्त विरलं की घरचे पेढे वाटायला निघतात आणि केमोचा त्यात काडीचा वाटा नसतो.

बायॉप्सी ट्रूकटच (जाड सुईने तुकडा काढतात ती) हवी, नुसती एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढतात ती) पुरत नाही. त्या तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू, बहुतेक लॅबमध्ये केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत ते) पण, आणि हर-टू २ प्लस, म्हणजे धड हो ना धड नाही असं आलं तर खात्रीसाठी फिश टेस्ट. हे सगळं केमोच्या आधीच उरकायचं, कारण केमोने गाठ पूर्ण गेली तर नंतर तपासायला कॅन्सरच उरत नाही, बायॉप्सीचा तो मेणातला ब्लॉक हाच त्या गाठीचा एकमेव शिल्लक तुकडा असतो. तो कुठल्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर काय हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता क्लिप. दोन-तीन मिलिमीटरचा धातूचा मार्कर, सोनोखाली सुईतून गाठीच्या मधोमध सोडतात. दुखणं बायॉप्सीएवढंच, आणि नंतर एमआरआयला त्याची अडचण होत नाही. लोक याला नाही म्हणतात, "आधीच गाठ आहे आणि त्यात लोखंड कशाला" असं एका आजींनी मला ऐकवलं होतं. पण केमो छान लागू पडली की गाठ हाताला लागत नाही, सोनोत दिसत नाही, आणि मग सर्जनने काढायचं काय आणि कुठून? स्तन वाचवायचा असेल तर क्लिप हवीच. काही ठिकाणी क्लिपऐवजी किंवा क्लिपबरोबर कातडीवर टॅटूचे ठिपके देऊन गाठीची हद्द आखून ठेवतात. काखेतल्या गाठीत सुई घालून कॅन्सर सिद्ध झाला असेल तर तिच्यातही क्लिप सोडता येते, त्याचा उपयोग पुढे सांगते. हे पहिल्या डोसच्या आधी, फार तर लगेच नंतर. चार डोस झाल्यावर आठवलं तर गाठच कुठेतरी पळालेली असते.

मुंबईत होतं काय की मॅमो दादरला, सोनो ठाण्याला, एमआरआय अंधेरीला, आणि पेट स्कॅन जिथे आधी तारीख मिळेल तिथे. होऊ दे, पण प्रत्येक ठिकाणाहून फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा तिरका फोटो घेऊन येणारे खूप आहेत, त्यात आकडा मिळतो पण चित्र मिळत नाही, आणि तुलना चित्रांची करायची असते. आणि पावसाळा असेल तर चेनवाला प्लॅस्टिक फोल्डर घ्या हो, हिंदमाताच्या पाण्यातून डोक्यावर फाईल धरून आलेल्या माणसांच्या फिल्म मी ओपीडीतल्या पंख्याखाली वाळवल्यात.

केमो चालू असताना

दर सायकलला (केमोच्या प्रत्येक फेरीला), त्या दिवसाचा डोस चढायच्या आधी, डॉक्टरांनी हात लावून माप घेऊन लिहायला हवं. गर्दीच्या ओपीडीत हे राहून जातं, रक्ताचे काउंट बघितले आणि पाठवलं डे-केअरला, म्हणून तुम्हीच आठवण करा. नेहमीचा क्रम म्हणजे आधी चार सायकल ते लाल औषध, एसी, दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने, मग पॅक्लिटॅक्सेल आठवड्याला एक असं १२ वेळा. हर-टूवाल्यांना त्याबरोबर ट्रास्टुझुमॅब, परवडलं तर पर्टुझुमॅब, ही दोन्ही हर-टूवर नेम धरणारी औषधं. ट्रिपल निगेटिव्हला कार्बोप्लॅटिन जोडतात, यावर टाटा मेमोरियलनेच सातशेहून जास्त बायकांवर ट्रायल करून २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या स्तनाच्या कॅन्सरच्या परिषदेत मांडली, त्यात पन्नाशीपर्यंतच्या बायकांना फायदा ठळक दिसला. काहींना पेम्ब्रोलिझुमॅबची इम्युनोथेरपीही देतात, पण तिचा खर्च बघून भलेभले गप्प होतात.

पहिल्या एक-दोन सायकलनंतर आकडा बदलायच्या आधी गाठीचा पोत बदलतो. दगडासारखी टणक होती ती मऊ पडते, कडा विरघळल्यासारख्या होतात, बोटाला नक्की कुठे सुरू होते कुठे संपते तेच कळेनासं होतं. हे चांगलं लक्षण, पण माप घ्यायला तितकंच अवघड. घरी रोज आंघोळीच्या वेळी दाबून बघू नका, एक दिवस मोठी वाटेल एक दिवस लहान, आणि रात्रीची झोप जाईल. घरी बघायचं ते एवढंच, कातडीवर नवीन लाली, नवीन गाठ, जखम, पू, किंवा त्या बाजूच्या हाताला सूज. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन.

मधली सोनो किंवा एमआरआय साधारण औषध बदलायच्या टप्प्यावर करतात, म्हणजे चार एसी झाल्यावर. त्या आधी हाताला शंका आली तर दोन सायकलनंतरही करतात.

आता आकड्यांचं गणित. २००९ पासून रेसिस्ट १.१ नावाचे नियम वापरतात, ते खरं म्हणजे ट्रायलसाठी बनवलेले पण रोजच्या कामातही तीच भाषा चालते. स्तनातल्या गाठीची सगळ्यात लांब बाजू घ्यायची, काखेतली गाठ असेल तर तिची आखूड बाजू, आणि बेरीज करायची. काखेतली गाठ १५ मिमी किंवा जास्त असेल तरच ती मोजायच्या यादीत, आणि १० मिमीच्या खाली आली की ती नॉर्मल धरतात. समजा सुरुवातीला स्तनात ५२ आणि काखेत १८, बेरीज ७०. मध्ये स्तनात ३४ आणि काखेत ९, बेरीज ४३. फरक २७, म्हणजे ७० च्या जवळजवळ ३९ टक्के. ३० टक्के किंवा जास्त कमी झालं की त्याला पार्शल रिस्पॉन्स म्हणतात, तर ही पार्शलमध्ये बसली. सगळंच नाहीसं झालं तर कम्प्लीट. २० टक्के किंवा जास्त वाढलं आणि ती वाढ निदान ५ मिमी असली, किंवा कुठेही नवीन गाठ आली, तर प्रोग्रेशन. यातलं काहीच नाही तर स्टेबल.

इथे एक खोच आहे जी फार लोकांना माहीत नसते. कमी झालं का हे पहिल्या मापाशी ताडून बघतात, पण वाढलं का हे आतापर्यंतच्या सगळ्यात लहान मापाशी. समजा फक्त स्तनातलीच गाठ मोजायची होती, ५२ ची ३४, मग २४ झाली, आणि पुढच्या वेळी ३० आली. घरचे म्हणतात ५२ ची ३० झाली, मस्त. नियमाने ती २४ ची ३० झाली, ६ मिमी आणि २५ टक्के वाढ, म्हणजे प्रोग्रेशन. म्हणून मधलं प्रत्येक माप जपायचं, फक्त पहिलं आणि शेवटचं नाही.

अजून एक, ५० मिमीची ३५ झाली तर "फक्त ३० टक्के?" म्हणून चेहरे पडतात. पण ही एका बाजूची लांबी झाली. गाठ सगळ्या बाजूंनी सारखी आटली असेल तर आतला ऐवज दोन तृतीयांशाच्या आसपास कमी झालेला असतो. वहिनीला सांगताना हे सांगा.

कुठलं मशीन कशात फसतं

मॅमोग्राफी कॅल्शियमच्या ठिपक्यांवर फसते. कॅन्सर मेला तरी ठिपके तिथेच राहू शकतात, म्हणून "कॅल्सिफिकेशन तसेच आहेत" या ओळीवरून केमो फेल गेली असं समजायचं नाही. पण संशयास्पद ठिपके असतील तर ऑपरेशनमध्ये ते काढावे लागतात, गाठ गेली असली तरी, त्यामुळे स्तन वाचवताना किती भाग जाणार हे कधीकधी गाठ नाही तर ठिपके ठरवतात.

सोनो गाठ आणि काख दोन्हीला चांगली, स्वस्त, पोटावर झोपायची कटकट नाही. माझं मत विचाराल तर मधल्या तपासणीला नेहमीच्या केसमध्ये चांगल्या हाताची सोनो पुरते.

एमआरआय सगळ्यात अचूक, यावर फारसं दुमत नाही. पालथं झोपवतात, स्तन खालच्या कॉइलमध्ये सोडतात, शिरेतून गॅडोलिनियम (चित्रात चमक आणणारं औषध) देतात, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. कॅन्सरला रक्तपुरवठा जास्त म्हणून तो भाग चमकतो. केमोने चमक मंदावते, गाठ लहान व्हायच्या आधीच. आटायच्या दोन तऱ्हा असतात, एक म्हणजे सगळ्या कडांनी आत आत सरकत जाणं, हे मोजायला सोपं आणि स्तन वाचवायला सोयीचं. दुसरी म्हणजे मधूनमधून विरत जाणं, जुन्या हद्दीत इकडे एक तुकडा तिकडे एक तुकडा राहतो, तेव्हा "सगळ्यात मोठा तुकडा ८ मिमी" यावर खुश होण्यात अर्थ नाही, तुकडे पसरलेत किती लांबपर्यंत ते विचारायचं. एमआरआयही फसतो. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टूमध्ये त्याचा अंदाज जास्त खरा ठरतो, हार्मोनवाल्या (ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह) गाठीत आणि लोब्युलर जातीत (दुधाच्या ग्रंथीतून निघणाऱ्या, विखरून वाढणाऱ्या) कमी, तिथे काहीच चमकत नसताना आत पेशी विखुरलेल्या सापडतात. आणि कधी उलटं, नुसता व्रण चमकतो आणि आत काही नसतं.

पेट स्कॅन सुरुवातीला, शरीरात दुसरीकडे काही आहे का बघायला, पुढच्या स्टेजच्या पेशंटला उपयोगी. मध्ये उगाच रिपीट करायचा आग्रह धरू नका. केलाच तर एक लक्षात ठेवा, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर सगळी हाडं पेटवर उजळतात. रिपोर्ट वाचून "हाडात गेला" म्हणत रडत आलेले नातेवाईक आम्ही बघतो, म्हणून इंजेक्शनची तारीख स्कॅनवाल्यांना आधी सांगा. शुगर पण ताब्यात हवी, नाहीतर तिथून परत पाठवतात.

सीए १५-३ वगैरे रक्ताचे मार्कर दर महिन्याला करून आणणारे असतात, कोणीतरी पॅकेजमध्ये विकलेले. या टप्प्यावर गाठ कमी होतेय का हे त्यावरून ठरवत नाहीत. ते पैसे क्लिपला ठेवा.

कमी होत नसेल तर

आधी खात्री करतात की खरंच वाढलीय का, माप कोणी घेतलं, कशाने घेतलं, आत रक्त किंवा पाणी साठलंय का. स्टेबल म्हणजे हरलो असं नाही, विशेषतः ईआर पॉझिटिव्हमध्ये गाठ हळू आटते आणि तिथे पुढे गोळ्यांचं हार्मोनचं हत्यार बाकी असतं. खरंच वाढत असेल, ही वेळ थोड्याच जणींवर येते, तर राहिलेले एसी सोडून लवकर पुढच्या औषधावर जातात, किंवा गाठ काढण्यासारखी असेल तर सरळ ऑपरेशन, नसेल तर रेडिएशनचा विचार. तेव्हा विचारायचा प्रश्न "कोणाची चूक" हा नाही, "आत्ता ऑपरेशन होण्यासारखं आहे का" हा. आणि केस ट्यूमर बोर्डला ठेवा म्हणून सांगा, जिथे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलावर बसतात.

शेवटचं माप आणि ऑपरेशन

केमो संपल्यावर दोनेक आठवड्यांनी शेवटची सोनो किंवा एमआरआय, आणि ऑपरेशन साधारण ३ ते ६ आठवड्यांत. ८ आठवड्यांच्या पुढे ढकलू नका. "गणपती होऊ दे मग करू", "लेकीचं लग्न उरकतो" हे आम्हाला दरवर्षी ऐकायला मिळतं, सगळ्यात जास्त तर गाठ लागेनाशी झालेल्यांकडून. कारण त्यांना वाटतं आता ऑपरेशन कशाला, काही राहिलंच नाही. हाताला लागत नाही, एमआरआयवर दिसत नाही, तरी आत शिल्लक असू शकतं, आणि ते नाही असं खात्रीने सांगणारी तपासणी ऑपरेशनशिवाय अजून रोजच्या वापरात नाही. सुईच्या बायॉप्सीवर भागवून ऑपरेशन टाळायचे प्रयोग जगात चालू आहेत, पण ते निवडक पेशंटवर, ट्रायलमध्ये.

स्तन वाचवायचा असेल तर ऑपरेशनच्या आधी क्लिपपर्यंत बारीक तार घालतात आणि काढलेल्या भागाची तिथल्या तिथे मॅमोग्राफी करून क्लिप त्यात आली ना बघतात. काख आधी खराब होती आणि केमोने साफ दिसतेय, तर सगळ्या गाठी काढण्याऐवजी सेंटिनल नोड, म्हणजे स्तनातून आजार आधी जिथे पोचतो त्या काखेतल्या पहिल्या गाठी, तपासतात. यात चुकीने "साफ" म्हटलं जायचा धोका असतो, झेड१०७१ नावाच्या अमेरिकन ट्रायलमध्ये तो १२.६ टक्के आला, आणि तीन किंवा जास्त नोड काढले तेव्हा १० टक्क्यांच्या खाली. आधी क्लिप लावलेली ती नेमकी गाठ शोधून काढली तर धोका अजून उतरतो, काखेतल्या क्लिपचा उपयोग हा.

मायक्रोस्कोपखालचा निकाल

हाच खरा. हात, सोनो, एमआरआय सगळे अंदाज होते. पण पॅथॉलॉजिस्टला फॉर्मवर चार गोष्टी लिहून मिळाल्या नाहीत तर तोही आंधळा: केमो दिलेली आहे, गाठ मुळात केवढी आणि कुठे होती, क्लिप आहे का, आणि जुन्या बायॉप्सीचा रिपोर्ट. नुसतं "स्तन, उजवा" म्हणून डबा गेला तर जुनी जागा सापडणं नशिबावर. गाठ डोळ्याला दिसत नसेल तर जुन्या मापाच्या दर सेंटीमीटरला निदान एक तुकडा, गरज पडली तर २५ पर्यंत तुकडे घेऊन बघतात. रिपोर्ट यायला वेळ लागतो तो यामुळे, रोज काउंटरवर भांडू नका.

रिपोर्टवर वायपीटी आणि वायपीएन अशी अक्षरं असतील, वाय म्हणजे उपचारानंतरचं, टी म्हणजे स्तनातली गाठ, एन म्हणजे काखेतले नोड. वायपीटी० किंवा वायपीटीआयएस आणि वायपीएन० असेल तर पीसीआर, पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स, म्हणजे मायक्रोस्कोपखालीही पसरणारा कॅन्सर शिल्लक नाही. त्यात डीसीआयएस शिल्लक लिहिलेलं वाचून घाबरू नका, तो नळीच्या आतलाच भाग, पीसीआर मोडत नाही. पण नोडमध्ये अगदी सुट्या पेशी सापडल्या, आय प्लस असं लिहिलं, तर मात्र पीसीआर धरत नाहीत.

थोडं शिल्लक आणि खूप शिल्लक यातला फरक आरसीबी (रेसिड्युअल कॅन्सर बर्डन, शिल्लक कॅन्सरचा भार) सांगतो, अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी २००७ मध्ये मांडलेला हिशोब. गाठीच्या जागेची लांबी-रुंदी, त्यात जिवंत कॅन्सर किती टक्के, त्यातला डीसीआयएस किती, किती नोड पॉझिटिव्ह आणि त्यातला सगळ्यात मोठा ठिपका केवढा, हे घातलं की आकडा निघतो. शून्य म्हणजे पीसीआर, १.३६ पर्यंत एक, ३.२८ पर्यंत दोन, त्यावर तीन. दोन बायकांची "२ सेमी शिल्लक" सारखीच दिसते पण एकीच्यात ५ टक्के पेशी जिवंत आणि दुसरीच्यात ७०, म्हणून नुसत्या सेंटीमीटरवर जाऊ नका. रिपोर्टमध्ये आरसीबी नसेल तर मागता येतो. काही लॅब मिलर-पेन ग्रेड लिहितात, १ ते ५, त्यात उलटं असतं, ५ सगळ्यात चांगलं, आणि तो जुन्या बायॉप्सीतल्या पेशींशी ताडून काढतात. हे दोन आकडे उलटसुलट वाचून घरचे रडतात नाहीतर नाचतात.

२०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये १२ ट्रायल आणि जवळपास १२ हजार बायकांचा एकत्र अभ्यास आला होता. पीसीआर मिळालेल्यांचं पुढचं आयुष्य जास्त सुरक्षित, आणि हा संबंध ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टूमध्ये सगळ्यात घट्ट. हार्मोनवाल्या हळू वाढणाऱ्या गाठीत पीसीआर मुळात कमी जणींना मिळतो आणि न मिळणं तेवढं वाईटही नसतं. शिल्लक राहिलं तरी रिकाम्या हाताने बसत नाहीत. हर-टूमध्ये शिल्लक असेल तर टी-डीएम१ (ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडलेलं इंजेक्शन), २०१९ च्या कॅथरीन ट्रायलमध्ये ट्रास्टुझुमॅबच्या तुलनेत आजार परतायचा किंवा मृत्यूचा धोका त्याने निम्म्यावर आणला. ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपसायटाबिनच्या गोळ्या, २०१७ ची क्रिएट-एक्स ट्रायल. बीआरसीए जनुकात वारशाने आलेला दोष असेल तर निवडक जणींना ओलापॅरिब. म्हणून शिल्लक गाठीवर ईआर, पीआर, हर-टू परत करून घ्या, कधीकधी बदललेले निघतात.

रेडिएशनवाले अजूनही सुरुवातीची स्टेज विचारतात. काखेत थोडाच आजार होता आणि केमोने पूर्ण साफ झाला अशा बायकांमध्ये काखेच्या भागाला रेडिएशन टाळता येईल का यावर बी-५१ ट्रायल झाली, पाच वर्षांत न दिलेल्यांचं नुकसान दिसलं नाही, त्यामुळे आता यावर डॉक्टरांशी बोलायला जागा आहे. पण ते बोलणं सुद्धा पहिल्या सोनोचा कागद आणि काखेच्या सुईचा रिपोर्ट समोर असेल तरच.

दुसरं मत घ्यायला टाटाला किंवा कुठेही गेलात तर ते फक्त रिपोर्टवर भागवत नाहीत, स्लाइड आणि ब्लॉक मागतात. दोन्ही घ्या, केमोच्या आधीच्या बायॉप्सीचे आणि ऑपरेशनचे. लॅब अर्ज आणि आयडी घेऊन देते. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. आणि दुसरीकडे जमा केलेत की पावती घ्या, काम झाल्यावर परत आणा, पुढे कधी नवीन टेस्ट करायची वेळ आली तर लागतात.